ईएलसीबी सारखा पडतोय? डायरेक्ट करायच्या आधी हे करून बघा
मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे ईएलसीबी (करंट कुठे गळला की घराची लाईन तोडणारा बोर्डातला स्विच) पडायला लागला, रात्री साडेनऊला एकदा, पहाटे परत एकदा. वायरमन आला, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "ताई, हाच खराब झालाय, आत्ता डायरेक्ट करून देतो, नवीन आणला की बसवू." त्याने ईएलसीबी वगळून वायरी थेट जोडल्या, लाईट आली, फ्रिज चालू झाला आणि नवीन आणायचं राहूनच गेलं. आठेक दिवसांनी आई आंघोळ करून आली आणि म्हणाली, "अगं, नळाला हात लावला की झिणझिण्या येतायत." पोटात गोळाच आला माझ्या. गीझर उघडला तर एलिमेंटवर क्षाराचा जाड थर, त्याखाली केसाएवढी चीर, आणि सॉकेटमधली अर्थिंगची वायर सुटलेली. म्हणजे ईएलसीबी चांगलाच होता, तो नेमकं जे सांगायला बसवलाय तेच सांगत होता.

एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारे छोटे स्विच) आहेत की, मग हा कशाला, असं बरेच जण विचारतात. हिशोब करा ना. घरात २३० व्होल्ट, ओल्या अंगाचा रेझिस्टन्स साधारण १००० ओहम धरला तर अंगातून ०.२३ अँपिअर जातो, तेवढ्याने जीव जाऊ शकतो, पण १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही, तो वायर जळू नये म्हणून असतो. ईएलसीबी (आता मिळतो त्यावर आरसीसीबी लिहिलेलं असतं) फेजमधून (करंट आणणारी वायर) गेलेला करंट आणि न्यूट्रलने (परतीची वायर) परत आलेला करंट यांची तुलना करतो, आणि फरक ३० मिलीअँपिअरपर्यंत गेला की क्षणात लाईन तोडतो. मात्र फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम हातात आले तर तो वाचवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने सगळा करंट परत आलेला असतो.

आता पडला तर काय करायचं. सगळे एमसीबी खाली करा आणि सगळे प्लग काढा, नुसती बटणं बंद करून चालत नाही, इथेच सगळे फसतात. बटण आणि साधा एमसीबी फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि एखाद्या मशीनमध्ये न्यूट्रल बॉडीला टेकला असेल तर ते मशीन बंद असतानाही ईएलसीबी पडतो, मग माणूस वैतागून म्हणतो की सगळं बंद केलं तरी पडतोय म्हणजे हाच खराब. गीझर, वॉशिंग मशीन, फ्रिज, प्युरिफायर, सगळ्यांचे प्लग बाहेर. मग ईएलसीबी वर करा, एकेक एमसीबी चढवा, आणि त्यानंतर एकेक प्लग लावून ते मशीन चालू करा. गीझरला दहा मिनिटं तरी द्या (आणि तेवढा वेळ बाथरूममध्ये कोणी जाऊ नका), काही एलिमेंट गरम झाल्यावरच लीक होतात. ज्याच्यावर पडला तो प्लग काढून ठेवा, बाकी घर चालू. सगळे प्लग बाहेर असूनही पडला तर भिंतीतल्या वायरिंगचं काम आहे, किंवा इन्व्हर्टर बसवताना न्यूट्रल एकत्र केलेत, तिथे स्वतः बोर्ड उघडू नका, मेगर (वायरिंगमधली गळती तपासायचं यंत्र) असलेला वायरमन बोलवा.

वायरमनला मी दोष देत नाही. रात्री घर अंधारात, फ्रिजमध्ये दूध, समोरचा माणूस चिडलेला, अशा वेळी कोणीही डायरेक्टच करेल. म्हणून इलाज बोर्डातच करायला हवा. आम्ही एकाचे दोन ईएलसीबी केले, बाथरूम आणि बाहेरचे पॉइंट एकावर, फ्रिज आणि बाकीचं घर दुसऱ्यावर. आता गीझर बिघडला तरी फ्रिज चालू राहतो, त्यामुळे डायरेक्ट करायची घाईच येत नाही. आणि प्रत्येक एमसीबीखाली मार्करने नावं लिहा, बेडरूम, किचन, गीझर, अंधारात टॉर्च धरून अंदाज बांधताना चुका होतात.

टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा, कॉम्प्युटर आधी बंद करून. दाबल्या दाबल्या पडला पाहिजे, नाही पडला तर त्याच दिवशी बदला. पण या बटणाने अर्थिंग तपासलं जात नाही, ते वायरमनकडून वेगळं मोजून घ्या, आमची सुटलेली वायर अशीच कोणाच्या लक्षात आली नव्हती. डीबीच्या (हे सगळे स्विच असलेल्या बोर्डाच्या) झाकणाच्या आत आम्ही कागद चिकटवलाय, दर महिन्याच्या १ तारखेला आई बटण दाबते आणि तारीख लिहिते.