होलोकॉस्टमधून वाचलेल्यांच्या भरपाईची फाइल कशी शोधावी

घर गेलं, फोटो गेले, माणसं गेली. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून, म्हणजे होलोकॉस्टमधून, वाचलेल्या कित्येकांनी आपल्यावर काय गुदरलं हे सविस्तर लिहिलं ते एकाच ठिकाणी, युद्धानंतर जर्मन सरकारकडे केलेल्या भरपाईच्या अर्जात. ती फाइल कशी शोधायची, हे बर्लिनच्या ज्यू कुटुंबाचं उदाहरण धरून सांगते.

पहिली पायरी : दावा कशाचा होता ते ठरवा

नाव हाती आलं की लगेच शोधायला बसू नका. पश्चिम जर्मनीत दोन वेगळे दावे होते. कैद, बिघडलेली तब्येत, अर्धवट राहिलेलं शिक्षण, बुडालेला धंदा यांसाठी ‘एंटशेडिगुंग’, म्हणजे भरपाई. १९५६च्या कायद्यानुसार कैदेच्या दर पूर्ण महिन्याला १५० मार्क मिळत. घर, दुकान, दागिने, सामान यांसाठी ‘र्‍यूकएरष्टाटुंग’, म्हणजे मालमत्ता किंवा तिची किंमत परत. एकाच माणसाच्या फाइली त्यामुळे दोन-तीन ठिकाणी असू शकतात. एक सापडली म्हणून थांबू नका.

दुसरी पायरी : नावाची सगळी रूपं लिहून काढा

१ जानेवारी १९३९पासून नाझी सरकारने ज्यू पुरुषांना ‘इस्राएल’ आणि बायकांना ‘सारा’ हे जादा नाव लावायला भाग पाडलं. त्या काळच्या कागदांवर ते दिसेल. ते लादलेलं आहे. आपल्या टिपणात खरं नाव म्हणून उतरवू नका. लग्नानंतरचं आडनाव, देश बदलल्यावर बदललेलं स्पेलिंग हेही नोंदवा. जन्मतारीख आणि जन्मगाव मात्र बदलत नाही, खरा आधार तोच.

तिसरी पायरी : क्रमाने विचारा

सुरुवात आरोल्सन आर्काइव्ह्जपासून करा. नाझींच्या छळाला बळी पडलेल्यांची कागदपत्रं जपणारी ही जर्मनीतली संस्था. तिथला ऑनलाइन शोध मोफत आहे. मग ड्युसेलडॉर्फच्या जिल्हा प्रशासनाकडची केंद्रीय कार्डसूची. भरपाईचा अर्ज कुठल्या कार्यालयात गेला, हे तिथे कळतं. बर्लिनमधल्या मालमत्तेच्या दाव्यांसाठी लांडेसआर्काइव्ह बर्लिन, म्हणजे बर्लिन राज्याचं अभिलेखागार, आणि नाझींनी ज्यूंच्या मालमत्तेच्या जप्तीच्या वेळी केलेल्या फाइलींसाठी पोट्सडाममधलं ब्रांडेनबुर्गचं राज्य अभिलेखागार. पत्रात जन्मतारीख, बर्लिनमधला शेवटचा पत्ता आणि आपलं नातं किंवा अभ्यासाचा हेतू स्पष्ट लिहा. खासगी माहितीमुळे व्यक्तीच्या मृत्यूनंतर साधारण दहा वर्षं फाइल बंद असते, म्हणून मृत्यूचा दाखला असल्यास जोडा.

नाझींपासून पळालेले ज्यू निर्वासित मुंबईतही आले होते. त्यांच्या मदतीसाठी १९३४मध्ये इथे ज्यूइश रिलीफ असोसिएशन सुरू झाली. तेव्हा अर्जदाराचा पत्ता मुंबईचा दिसला तर दचकू नका. कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथल्या युद्धकाळातल्या निर्वासित छावणीतले पोलिश लोक मात्र मुख्यतः सोव्हिएत संघाने पोलंडमधून केलेल्या हद्दपारीतून आलेले. त्यांचा माग या फाइलींत काढू नये.

चौथी पायरी : सावकाश वाचा

जप्तीच्या फाइलीत बहुधा सोळा पानी मालमत्ता-विवरण सापडतं. नाझींकडून हद्दपार होण्याआधी ते ज्यूंना स्वतः भरून द्यावं लागे. पलंग किती, खुर्च्या किती, टेबलक्लॉथ किती, सदरे किती. मागे बेलिफची यादी, प्रत्येक वस्तूपुढे किंमत. ही पानं एका बैठकीत वाचू नका, खरंच सांगते. युद्धानंतरच्या दाव्यात त्याच यादीतल्या एखाद्या कपाटाच्या किमतीवरून पत्रव्यवहार चाललेला दिसतो.

भरपाईच्या फाइलीत हाताने किंवा टाइप करून लिहिलेला जीवनक्रम असतो. तो आधी वाचा. पण तो अधिकाऱ्याला पटवण्यासाठी लिहिलेला आहे हे विसरू नका. ज्याचे पैसे मिळणार नव्हते, ते दुःख त्यात आलेलंच नसेल. पुढे डॉक्टरांचे अहवाल येतात. ‘आनलागेबेडिंग्ट’ हा शब्द दिसला की थांबा. आजार मुळातच प्रकृतीत होता, छळामुळे झाला नाही, असा त्याचा अर्थ, आणि नाझी छळछावणीतून आलेल्या कितीतरी माणसांचे आरोग्याचे दावे याच एका शब्दावर फेटाळले गेले. नकाराच्या पत्राची तारीख टिपून ठेवा आणि त्यानंतरची पानं बघा. अर्जदार कोर्टात गेला असेल, तर त्या खटल्याचा क्रमांक तिथे मिळेल आणि त्यावरून दुसरी फाइल मागवता येईल.