कमाई दर महिन्याला बदलते त्यांच्यासाठी: बडोद्यात आरोग्य कार्डाची तयारी

दर शनिवारी संध्याकाळी दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाच्या खोलीत मी फॉर्म भरून द्यायला बसते. समोर येणाऱ्यांत महिन्याच्या एक तारखेला पगार घेणारं माणूस क्वचितच असतं. गरब्याच्या ऑर्केस्ट्रात ढोलक वाजवणारे, लग्नाकार्यात पोळ्या लाटणाऱ्या मावश्या, रिक्षावाले, भिक्षुकी करणारे गुरुजी, मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) ठेकेदाराकडे लागलेली मुलं, अशी सगळी मंडळी येतात. त्यांचा प्रश्न एकच असतो: “ताई, उत्पन्नाच्या रकान्यात काय लिहू? नवरात्रातलं की आषाढातलं?” पुढे लिहिलेली तयारी याच प्रश्नासाठी आहे. घरात सगळे धडधाकट आहेत तोवर ती करून ठेवा. दवाखान्याच्या काउंटरपाशी उभं राहून यातलं निम्मंही जमत नाही.

आधी हे बघा की तुमच्या घराला उत्पन्न विचारलं तरी जाणार आहे का. दाखल होऊन मोफत उपचार देणारी आयुष्मान कार्डाची योजना, म्हणजे पंतप्रधान जन आरोग्य योजना, २०१८ च्या सप्टेंबरात सुरू झाली, तेव्हा तिची मूळ यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेवरून घेतली होती. त्या यादीत कुटुंब असेल तर आजची कमाई कोणी विचारत नाही. गणनेच्या वेळी वाडीतल्या एका खोलीत राहणारी कितीतरी कुटुंबं आज मांजलपूरला किंवा तरसालीला आहेत आणि आपलं नाव यादीत आहे हे त्यांना ठाऊकच नाही. आयुष्मान ॲपवर आधार किंवा रेशनकार्डाचा नंबर घालून बघा, नाहीतर १४५५५ ला फोन करा. सयाजी हॉस्पिटलात गेलात तर तिथल्या योजनेच्या खिडकीवरही विचारता येतं. दुसरी वाट वयाची. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यापुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वय वंदना कार्ड मिळतं. वय आधारवरच्या जन्मतारखेवरून धरतात, म्हणून आजी-आजोबांच्या आधारवर तारीख चुकली असेल तर पहिलं काम ती दुरुस्त करून घेण्याचं. घराचं कार्ड आधीपासून असलं तरी सत्तरीपुढच्यांचं ५ लाखांचं छत्र वेगळं आणि जादा असतं. आजोबांच्या उपचारात नातवाच्या वाट्याचं संपेल अशी भीती नको.

या दोन्ही वाटा बंद असतील तरच उत्पन्नाकडे वळायचं. तिथे एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या: प्रत्येक योजना तुमच्या कमाईकडे वेगळ्या मापाने बघते. एक वर्षाचं बघते, दुसरी महिन्याच्या पगाराचं. आपल्या लोकांचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो. एका योजनेचं माप दुसरीला लावतात आणि आपण बसतच नाही म्हणून घरी परततात.

महिन्याचं माप ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचं. कारखान्यात किंवा एजन्सीत कामाला असलेल्यांनी सॅलरी स्लिप काढून बघावी. पगार महिना २१,००० पर्यंत असेल आणि जागा ईएसआयखाली येत असेल, तर तुम्ही आणि तुमचं कुटुंब त्यात बसता, आणि तिथे ओपीडीची औषधंही मिळतात. ओव्हरटाइममुळे हातात २४,००० आले म्हणून घाबरू नका, २१,००० ची मर्यादा बघताना ओव्हरटाइम धरत नाहीत. पगारच मध्ये वाढून मर्यादा ओलांडली, तरी त्याच दिवशी नाव कटत नाही. वर्गणीचे दोन हंगाम असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मे महिन्यात वाढ झाली तर सप्टेंबरअखेरपर्यंत वर्गणी कापली जाते, आणि त्या सहामाहीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. ठेकेदार दर चार महिन्यांनी बदलत असेल, तर प्रत्येकाने तुमच्या जुन्याच ईएसआय नंबरावर वर्गणी भरली का, हे स्वतः ऑनलाइन तपासा. आजारपणातल्या पगारासाठी सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी लागते, आणि दोन नंबर झाले की हे दिवस दोन खात्यांत विखुरतात.

आता वर्षाचं माप, म्हणजे ज्याला आपण सगळे अजून ‘मा कार्ड’ म्हणतो ते. गुजरात सरकारने मुख्यमंत्री अमृतम् योजना २०१२ मध्ये आणली. ती आता केंद्राच्या योजनेबरोबर एकत्र चालते आणि २०२३ च्या जुलैपासून कुटुंबामागे वर्षाला १० लाखांपर्यंतचा दाखल होऊन घेतलेला उपचार त्यात होतो. यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ४ लाखांपर्यंत असावं लागतं, आणि ते दाखवणारा मामलतदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. साठीपुढच्या ज्येष्ठांसाठी ही मर्यादा ६ लाखांची आहे. यातला ‘वार्षिक’ हा शब्द आपल्यासारख्यांच्या कामाचा आहे. ४ लाख म्हणजे महिन्याला सरासरी ३३,००० च्या थोडं वर. एका महिन्यात ५०,००० आले तरी माणूस अपात्र होत नाही.

तर एक शंभर पानी वही घ्या आणि एप्रिल ते मार्च बारा पानं आखा. आमच्याकडे येणाऱ्या एका ढोलकवादकाची २०२४-२५ ची वही माझ्यासमोर भरली गेली, म्हणून तीच सांगते. एप्रिलमध्ये १४,०००. मे-जून मिळून जेमतेम ७,०००, कारण त्या वर्षी शुक्राचा अस्त होता आणि लग्नाचे मुहूर्तच नव्हते. जुलैत ९,०००. ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, गोकुळाष्टमीनंतरचे कार्यक्रम गेले, महिन्याचे झाले ५,०००. गणपतीत १६,०००. ऑक्टोबरात नवरात्र, एकदम ५२,०००. पुढे लग्नसराई धरून मार्चपर्यंत ९३,०००. बेरीज १,९६,०००. बायकोच्या शिवणकामाचे वर्षाचे ५४,००० मिळवले की घराचं उत्पन्न झालं २,५०,०००. हे गृहस्थ दोन वर्षं अर्ज न करता बसले होते. कोणीतरी त्यांना ऑक्टोबरचे ५२,००० गुणिले बारा करून सव्वासहा लाख दाखवले होते! उलट बाजूने कोणी ऑगस्टचे पाच हजार गुणिले बारा करायला सांगेल, तेही करू नका. दोन्ही आकडे खोटेच. वहीतली बेरीज लिहा, म्हणजे जबाब देताना आवाज कापत नाही.

वहीत आलेले पैसे आणि उरलेले पैसे वेगळे लिहा. दिवाळीच्या फराळाची ऑर्डर घेणाऱ्या मावशींच्या फोनवर यूपीआयने महिन्यात ८०,००० जमा दिसतात, पण त्यातले हरभऱ्याची डाळ, तूप, तेल, गॅस आणि हाताखालच्या दोघींची मजुरी यांतच साठ-बासष्ट हजार जातात. उलाढाल उत्पन्नाच्या रकान्यात लिहिली की माणूस विनाकारण मर्यादेबाहेर जातो. किराण्याची बिलं मात्र ठेवा, एका मोठ्या पाकिटात महिन्याचं नाव घालून. रिक्षावाल्यांनी सीएनजीच्या पावत्या आणि कर्जाचा हप्ता लिहावा. भाड्याची रिक्षा असेल तर मालकाला रोज दिलेलं भाडंही.

इन्कम टॅक्सचं रिटर्न भरत असाल तर इथे जरा थांबा. घराच्या किंवा गाडीच्या कर्जासाठी एखादा एजंट रिटर्नमध्ये उत्पन्न फुगवून भरायला सांगतो, आणि आपणही “कर्ज मिळतंय ना” म्हणून सही करतो. पुढे उत्पन्नाच्या दाखल्याला व्यवसायवाल्यांकडे मागच्या तीन वर्षांची रिटर्न्स मागतात, तेव्हा तोच फुगवलेला आकडा आडवा येतो. बँकेला एक आणि मामलतदाराला दुसरा असे दोन आकडे कधी ठेवू नका. वही आणि रिटर्न जुळायला हवं. जुळत नसेल तर या वर्षीचं रिटर्न भरण्याआधीच सीएला वही दाखवा.

मग कुटुंब म्हणजे कोण, हे ठरवून घ्या. कमाई एकट्या कर्त्याची बघत नाहीत, सगळ्या घराची बघतात, आणि घर कोणतं हे रेशनकार्डावरून कळतं. मुलगा लग्न होऊन वाघोडिया रोडला वेगळा राहतो, त्याची चूल वेगळी, पण नाव अजून जुन्या कार्डावर, तर त्याचा पगार तुमच्या घरात मिळवला जाण्याचा संभव आहे. तो खरोखर वेगळा राहत असेल तर त्याचं रेशनकार्ड वेगळं करून घ्या. याला वेळ लागतो, म्हणून हे काम सर्वांत आधी सुरू करा. एकाच घरात राहून कागदावर वेगळं दाखवायचं असेल, तर मी तो फॉर्म भरून देत नाही, आणि तुम्हीही करू नका. नव्या सुनेचं, बाळाचं नाव चढवायचं राहिलेलं असतं, तेही याच फेरीत.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रेशनकार्ड, सगळ्यांची आधार कार्डं, लाइटबिल किंवा वेराबिल (घरपट्टीचं बिल), फोटो, आणि कमाईचा पुरावा लागतो. नोकरीत असाल तर फॉर्म १६, व्यवसाय असेल तर रिटर्न्स, आणि यातलं काहीच नसेल तर तलाटीसमोरचा जबाब. भाड्याने राहत असाल तर भाडेकरार बरोबर असू द्या. जबाबाच्या वेळी पंच मागितले तर ऐनवेळी कोणाला शोधणार? शेजारच्या दोघांना आधीच सांगून ठेवा. अर्ज जन सेवा केंद्रावर किंवा डिजिटल गुजरातच्या पोर्टलवर होतो.

आता नावाचं. आपल्या लोकांचे अर्ज उत्पन्नापेक्षा नावावर जास्त अडकताना मी पाहिलेत. शाळेच्या दाखल्यावर ‘रमेश’, रेशनकार्डावर ‘रमेशभाई’, आधारवर ‘रमेशराव’, आणि बँकेच्या पासबुकात आडनाव पुढे. सासरच्या नावाचं आणखी निराळं: लग्नाआधीच्या कागदांवर वडिलांचं नाव, नंतर नवऱ्याचं, आणि मधूनच कुठल्यातरी कारकुनाने जोडलेलं ‘बेन’. इंग्रजी स्पेलिंगमध्ये आपला ‘ळ’ कोणी एका तऱ्हेने लिहितो, कोणी दुसऱ्या. यंत्र आधारवरचं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव पडताळतं, त्याला रमेशभाई आणि रमेशराव एकच आहेत हे कळत नाही. एका कागदावर घरातल्या प्रत्येकाचं नाव, प्रत्येक कार्डावर जसं छापलंय तसं, काना-मात्रेसकट उतरवून काढा. फरक दिसला की आधार प्रमाण धरून बाकीचे बदलून घ्या. मोबाइल नंबर आधारला जोडलेला आहे आणि ते सिम चालू आहे, हेही तपासा. ओटीपी बंद पडलेल्या नंबरावर गेला की दिवस फुकट जातो.

मूळ कागद घेऊन जा, पण तिथे द्यायच्या फक्त झेरॉक्स, दोन-दोन प्रती. पुराच्या वेळी आमच्या ओळखीच्या तीन घरांत लोखंडी पेटीत तळाशी ठेवलेली कार्डं चिखलात लगदा होऊन निघाली. तेव्हापासून मी प्रत्येकाला कागद डिजिलॉकरमध्ये चढवायला लावते आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत, माळ्यावर.

दाखला हातात आला की खालची मुदत वाचा. तो साधारण तीन वर्षं चालतो. आमच्या घरचं सांगते. भावजींच्या छातीत रात्री दीड वाजता कळ आली. कार्ड होतं, पण दाखल्याची मुदत चार महिन्यांपूर्वी संपलेली आणि नूतनीकरण राहिलेलं. रिक्षा चालवणाऱ्या माणसाला चार महिन्यांत तीन चकरा मारायला दिवस मिळाला नव्हता. पहाटे चार वाजता जाऊबाईंनी हातातल्या पाटल्या काढून दिल्या. भावजी आज बरे आहेत, पण त्या पाटल्या तिच्या आईच्या होत्या आणि त्या परत आल्या नाहीत. म्हणून मुदत संपायच्या तीन महिने आधीची तारीख शोधा आणि त्या दिवसावर लाल पेनाने गोल करा. पुढच्या वर्षाचं कॅलेंडर घरात येईल तेव्हा जुन्यावरची खूण आधी नव्यावर उतरवा, मग जुनं रद्दीत द्या.

कार्ड आल्यावर दोन दवाखाने नक्की करून ठेवा, एक घराजवळचा, एक मोठा. फक्त “योजना चालते का?” असं विचारू नका. “हृदयाचं चालतं का, डायलिसिस चालतं का, हाडांचं चालतं का?” असं विचारा, कारण दवाखाना योजनेत असला तरी प्रत्येक विभाग असतोच असं नाही. दाखल होताना आरोग्यमित्राला (दवाखान्यातल्या योजनेच्या मदतनीसाला) गाठून कार्ड आधीच दाखवा, डिपॉझिट भरल्यावर नको. ओपीडी आणि रोजच्या गोळ्या या कार्डात येत नाहीत, तो खर्च वहीत वेगळा धरा.

आणि वही दाखला मिळाला तरी बंद करू नका. यंदा, २०२६ ला, १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ येतो आहे, त्या महिन्यात लग्नं नाहीत. मंडपवाले, आचारी, गुरुजी, वाजंत्री, सगळ्यांची ती पानं रिकामी राहतील. रिकाम्या पानावरही तारीख घालून शून्य लिहा.