ऑल-इन-वन टँकची पाणीपातळी वाढवताय? आधी या चुका टाळा

ऑल-इन-वन टँक घरी येतो, लाइट लागतो, मासे सुटतात आणि मग नजर एकाच ठिकाणी अडकते: काठाच्या तीन-चार बोटं खाली थांबलेली पाण्याची रेघ. वर कोरडी काच, तिच्यावर क्षारांचे पांढरे डाग, मागे अर्धी उघडी पडलेली काळी फणी, म्हणजे जिच्या फटींतून पाणी मागच्या कप्प्यांत जातं ती दातेरी पट्टी. नाशिकमध्ये फ्लॅटमधल्या बऱ्याच दिवाणखान्यांत आता हे टँक दिसतात. बाहेर फिल्टर नको, नळ्या नको, सगळी यंत्रणा मागच्या कप्प्यांत, हे त्यांचं सुख. पण ती रेघ मात्र खुपते.

रेघ वर नेता येते. दोन सेंटिमीटरनंही टँकचं रूप पालटतं. पण पातळी ठरते कशी हे समजून न घेता हात घातला, तर पाणी फरशीवर येतं किंवा फिल्टर नावापुरता उरतो.

पाणी अडवतंय कोण, हे न बघता काम सुरू करणं

सगळ्यात पहिली चूक म्हणजे वरून पाणी ओतत राहणं. पंप चालू असताना ओतलेलं पाणी समोर साठत नाही. ते फणीवरून मागे जातं आणि शेवटच्या, म्हणजे पंपाच्या कप्प्यात चढतं. ओतत राहिलात तर एक वेळ अशी येते की मागचे सगळे कप्पे समोरच्या पातळीला येतात आणि मग सगळं एकदम वर सरकायला लागतं. समोरून टँक छान भरलेला दिसतो, पण आतल्या भिंती पाण्याखाली गेलेल्या असतात. पाणी स्पंज आणि बायो-मीडियातून (पाणी शुद्ध करणारे जिवाणू ज्यावर वाढतात ते तुकडे) जाण्याऐवजी त्यांच्यावरून सरळ पंपाकडे पळतं. पाण्यावरचा तेलकट तवंग फणीकडे ओढला जात नाही. शिवाय पंपाच्या हाताशी आता जरुरीपेक्षा कितीतरी जास्त पाणी असतं. त्याचा धोका पुढे येतोच.

समोरची पातळी ठरते ती पाणी ज्या काठावरून सांडतं त्या काठाच्या उंचीवर. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात फळ्या टाकल्या की मागचं पाणी चढतं, तसंच हे. प्रश्न एवढाच, की तुमच्या टँकमध्ये फळ्या टाकायच्या कुठे?

ओळखीच्या एका घरी, इंदिरानगरला, फणीचे खालचे दात सिलिकॉननं व्यवस्थित बुजवले होते. काम सुबक, पण पातळी जागची हलली नव्हती. कारण त्या टँकच्या मागच्या भिंतीला खाली, वाळूच्या थोडं वर, आणखी एक जाळी होती. पाणी तिथून निवांत आत जात होतं. अशा टँकमध्ये फणी पातळी ठरवतच नाही. पहिल्या आणि दुसऱ्या कप्प्यामधली आतली भिंत ती ठरवते.

हे ओळखायला दोन मिनिटं पुरतात. पंप चालू ठेवा, मागचं झाकण काढा आणि टॉर्च मारून पहिल्या कप्प्यात बघा. फणीतून येणारं पाणी आत धबधब्यासारखं खाली पडत असेल, तर पातळी फणीच्या हातात आहे. पहिल्या कप्प्यातलं पाणी समोरच्या पाण्याच्या जवळजवळ बरोबरीनं उभं असेल, तर फणीला हात लावून उपयोग नाही. मग एक तर आतल्या भिंतीचा काठ वाढवावा लागेल किंवा खालची जाळी बंद करून काम फणीवर आणावं लागेल. मी पहिला मार्ग निवडेन. खालची जाळी तळाजवळचा कचरा ओढते, ती घालवणं परवडत नाही.

दात बाजूबाजूनं बुजवणं

फणीतल्या फटींची खालची बाजू बंद केली तर काठ उंच होतो. त्याच फटी एकाआड एक पूर्ण बुजवल्या तर काठ तिथेच राहतो, फक्त वाट अरुंद होते. पातळी तेव्हाही चढते, म्हणून लोकांना वाटतं काम झालं. ढोबळ हिशेब बघा. ताशी 600 लिटर पाणी आणि फटींची एकूण रुंदी 10 सेंटिमीटर असेल, तर काठावरून पाण्याचा थर सुमारे 9 मिलिमीटर जाडीचा वाहतो. रुंदी निम्मी केली तर तो 15 मिलिमीटरच्या आसपास जातो. म्हणजे एवढं करून हाती आले जेमतेम सहा मिलिमीटर, आणि तेही भरवशाचे नाहीत. पंप जरा मंदावला की पातळी उतरते, एखादं पान अडकलं की चढते. बोअरवेलचं जड पाणी वापरत असाल तर अरुंद फटींत क्षार बसून त्या आणखी आवळतात. काठ उंच करा, वाट रुंद ठेवा.

मोजायची आणखी एक गोष्ट: फटीची एकूण उंची. ती 30 मिलिमीटर असेल आणि खालचे 20 तुम्ही बंद केले, तर उरले 10. वाहायलाच 9 लागत असतील तर राखीव काहीच नाही. उरलेली उंची वाहत्या थराच्या निदान दुप्पट हवी. इथे हात आवरता घ्या आणि 10-12 मिलिमीटरवर समाधान माना.

थेट सिलिकॉन भरणं

कायमचं काम आधी करू नका. फाइलच्या जाड प्लास्टिक कव्हरची पट्टी कापा आणि समोरच्या, म्हणजे माशांच्या बाजूनं फणीवर लावून बघा. त्या बाजूनं लावली की पाण्याचा दाबच तिला फणीवर चिकटवून ठेवतो. आठवडाभर अशी चालवा आणि पातळी आवडते का, आवाज बदलतो का, मागचे कप्पे कसे वागतात ते पाहा. धातूचे क्लिप लावू नका. लोखंड गंजतं आणि पितळेतलं तांबं कोळंबीला मारतं.

जमलं, तर 3 मिलिमीटर काळ्या अॅक्रिलिकची पट्टी करून घ्या. नेमप्लेट आणि दुकानांचे बोर्ड करणारे लेझरवर अशी पट्टी मापात कापून देतात. वरून फणीवर अडकेल असा हूक ठेवला तर डिंक लागतच नाही आणि पट्टी काढून धुताही येते. मला हाच उपाय सगळ्यात पटतो, कारण चुकलं तर एका हातानं मागे फिरता येतं.

सिलिकॉन लावायचंच असेल, तर बुरशीरोधक रसायन असलेलं, बाथरूमचं सिलिकॉन टँकमध्ये नको. लावताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं साधं शंभर टक्के सिलिकॉन किंवा अॅक्वेरियमचं म्हणून मिळणारं घ्या. सिलिकॉन काचेला घट्ट धरतं, अॅक्रिलिकला तितकंसं धरत नाही. पुढे सोलून निघू शकतं. ते हवेतला ओलावा शोषून वाळतं, म्हणून एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत जाड थराला जास्त वेळ द्या. निदान 48 तास, आणि आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत पाणी नाही.

काठापर्यंतची जागा लिटरमध्ये न मोजणं

ही चूक फरशीवर येते, म्हणून इथे सावकाश वाचा.

फणी कधी ना कधी तुंबणार. गळलेलं पान, शेवाळाचा गोळा, मेलेली गोगलगाय, काहीही पुरतं. तुंबली की पंप थांबत नाही. त्याच्या कप्प्यातलं पाणी तो समोर ओतत राहतो, स्वतः हवा ओढेपर्यंत. ते सगळं पाणी समोर मावलं पाहिजे.

समजा समोरचा भाग आतून 60 बाय 40 सेंटिमीटर आहे. म्हणजे पातळीचा एक सेंटिमीटर 2.4 लिटरचा. पंपाचा कप्पा 15 बाय 12 आणि पंपाच्या तोंडावर 25 सेंटिमीटर पाणी धरलं तर झाले साडेचार लिटर. मूळ टँकमध्ये काठापर्यंत 4 सेंटिमीटर जागा होती, म्हणजे साडेनऊ लिटरहून जास्त मावत होतं, चिंता नव्हती. तुम्ही पातळी अडीच सेंटिमीटर वाढवलीत, तर उरली दीड सेंटिमीटर जागा, म्हणजे 3.6 लिटर. पाऊण लिटरहून जास्त पाणी बाहेर, आणि टेबलाखाली बहुतेकांचा एक्स्टेन्शन बोर्ड असतो.

उपाय दोन. पातळी थोडी कमी वाढवा. या मापाच्या टँकला काठाखाली अडीच सेंटिमीटर सोडले तरी पुरे. किंवा पंप उचला. त्याच्याखाली 5 सेंटिमीटरचा प्लास्टिकचा ठोकळा ठेवला तर तेवढं, म्हणजे 0.9 लिटर पाणी त्याच्या तावडीतून सुटतं. पण मग उन्हाळ्यात कप्पा लवकर कोरडा पडेल हे लक्षात ठेवा.

फणीच्या भिंतीचा वरचा काठ बाहेरच्या काचेपेक्षा खाली असेल, तर तुंबलेलं पाणी त्यावरून मागे परत जातं. ती राखीव वाट आहे. दिसायला छान म्हणून ती पट्टीनं झाकू नका.

हिशेबावर न थांबता प्रत्यक्ष बघा. पंप चालू ठेवून फणीवर प्लास्टिकचा कागद दाबून धरा, दुसरा हात स्विचपाशी. पंप गुरगुरून हवा ओढेपर्यंत पातळी काठाखाली राहिली, तर तुम्ही सुटलात. आपोआप पाणी भरणारं यंत्र लावलं असेल तर हा हिशेब पुरत नाही. फणी तुंबून मागचा कप्पा उतरला की ते यंत्र पाणी कमी झालं असं समजून आणखी भरत बसतं. त्याच्या साठवणीच्या बादलीत काठापर्यंतच्या मोकळ्या जागेत मावेल तेवढंच पाणी ठेवा, पंपाचं साडेचार लिटर धरून.

वीज जाण्याचा विचार न करणं

वळवाच्या पावसात वादळ सुटलं की वीज जाते, हे इथे कुणाला सांगायला नको. पंप थांबल्यावर समोरचं पाणी दोन वाटांनी मागे जातं. एक फणीच्या काठापर्यंत आणि दुसरी पंपाच्या नळीतून उलट. पातळी वाढवल्यावर नळीचं तोंड आधीपेक्षा खोल जातं, म्हणून ही उलटी धार जास्त वेळ चालते. तोंड 4 सेंटिमीटर खोल असेल तर वरच्या मापाच्या टँकमधून साडेनऊ लिटरपर्यंत पाणी मागे जाऊ पाहतं. टँक एकच असल्यानं दोन्हीकडची पातळी बरोबरीत आली की ते थांबतं आणि सहसा बाहेर येत नाही. पण मागे स्पंज तरंगतो, त्यातला गाळ सुटतो आणि वीज आली की तो सगळा समोर येतो. लोक मग पाणी अचानक गढूळ का झालं म्हणून औषधं टाकतात.

नळीचं तोंड वाढवून पुन्हा पाण्याच्या पृष्ठभागाजवळ आणा, एवढंच करायचं असतं. फणीच्या काठाखाली सेंटिमीटरभर पुरे. तिथे हवा शिरली की धार तुटते. तोंड वरच्या दिशेला जरा वळवलंत तर पाणी हलतं राहतं आणि प्राणवायूही मिळतो. मे महिन्यात हे फार गरजेचं आहे, कारण गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो.

वायर बोर्डाकडे जाण्याआधी खाली झोका घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे ओघळलेला थेंब सॉकेटमध्ये न जाता फरशीवर पडेल.

बाकीच्या, पण दुर्लक्ष न करण्याच्या

हीटर पंपाच्या कप्प्यात ठेवू नका. बाष्पीभवनानं पाणी कमी होतं ते फक्त तिथेच दिसतं. समोर 3 मिलिमीटर पाणी उडालं तर त्या छोट्या कप्प्यात पातळी 4 सेंटिमीटर उतरते. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत हीटर सतत चालू असतो. उघडा पडला तर काच तडकते. मधल्या कप्प्यात ठेवा.

टेबल पाणसळीनं तपासा. रेघ काठाजवळ गेली की अर्ध्या सेंटिमीटरचा कलही डोळ्यात भरतो आणि खालच्या कोपऱ्यातली राखीव जागा तेवढी कमी होते. भरलेल्या टँकखाली पाचर ठोकू नका. आधी रिकामा करा.

पाण्याची उंची 36 वरून 38 सेंटिमीटर केली तर काचेवरचा एकूण जोर सुमारे 11 टक्क्यांनी वाढतो. माहितीपत्रकात कमाल पातळी दिली असेल तर ती ओलांडू नका. जुना, जोडांजवळ सिलिकॉन सुटलेला टँक असेल तर हा बेत सोडून द्या.

गुरामी आणि बेट्टा वर येऊन हवा घेतात, त्यांना झाकणाखाली मोकळी हवा लागते. उड्या मारणारे मासे असतील तर उंच पातळीला झाकण हवंच. खाऱ्या पाण्याचा टँक असेल तर पातळी वाढवायला मीठ मिसळलेलं पाणी घाला. उडालेल्या पाण्याची भरपाई मात्र नेहमी गोड्या पाण्यानं.

काम झाल्यावर काही बिघडलं तर

समोर बारीक बुडबुडे येत असतील, तर पंपाच्या कप्प्यात पाणी कमी आहे. समोरची जागा भरायला गेलेलं पाणी तिथूनच आलेलं असतं, ते भरून काढा. बाहेरून काचेवर दोन रेघा मारून ठेवा, कमाल आणि किमान.

पातळी हवी तिथे येतच नाही आणि पंप मात्र जोरात आहे? मग पाणी फणीला वळसा घालून जातंय. मधल्या भिंतीच्या जोडाशी थोडा माशांच्या खाद्याचा चुरा सोडा, तो फटीकडे ओढला जाताना दिसेल. समोरची उंची वाढली की त्या भिंतीवरचा दाबही वाढतो आणि जुना जोड तिथे पहिल्यांदा सुटतो.

पातळी दर आठवड्याला जराजरा चढत असेल, तर खूश होऊ नका. फणी तुंबत चालली आहे. जुन्या टूथब्रशनं दात घासा आणि क्षार असतील तर पट्टी काढून व्हिनेगरमध्ये बुडवून, धुऊन परत लावा. आणि गुरगुर आवाज सुरू झाला असेल, तर पहिला कप्पा उघडून बघा. पाणी आता जास्त उंचीवरून पडतंय. धार जिथे पडते तिथे स्पंजचा तुकडा बसवला की आवाज थांबतो.