स्वस्तातला घरचा पीसी जुळवताना या चुका टाळा

‘आय-५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, कीबोर्ड-माउस फुकट.’ अशा जाहिराती सगळीकडे दिसतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, तालुक्याच्या दुकानात आणि ऑनलाइनही. भाव पाहून घरचे खूश होतात, मुलाच्या अभ्यासाची सोय झाली म्हणून पैसे मोजून मोकळे होतात. पण या जाहिरातीत प्रोसेसर कोणता हे सांगितलेलंच नसतं. ‘आय-५’ हे आडनाव झालं, आणि नुसत्या आडनावावरून माणूस ओळखता येत नाही.

इंटेलचा आय-५ ३४७० हा २०१२ सालचा प्रोसेसर. त्याला चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि चारच थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं). आय-३ १२१०० आला २०२२ मध्ये. त्यालाही चारच कोअर आहेत, पण थ्रेड आठ, आणि त्याचा एकेक कोअर जुन्यापेक्षा कितीतरी वेगवान. म्हणजे नावाने ‘धाकटा’ असलेला हा आय-३ त्या आय-५ला सहज मागे टाकतो. तरीही जुने, वापरून काढलेले तिसऱ्या-चौथ्या पिढीचे प्रोसेसर कोऱ्या करकरीत एच ६१ किंवा एच ८१ मदरबोर्डावर (सगळे भाग ज्याला जोडतात तो बोर्ड) बसवून, चकचकीत कॅबिनेटमध्ये घालून विकले जातात. अशा मशिनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यासाठी इंटेलची किमान आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका लागते, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) हवं. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, तर १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. बँकेचे व्यवहार करायचे असतील तर असं मशिन आज नव्याने घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून पूर्ण नंबर विचारा आणि तोच बिलावर लिहून घ्या. मशिन समोर चालू असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर गेलं की प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं.

शेवटचं अक्षर न वाचणे

आय-३ १२१०० आणि आय-३ १२१००एफ यांत फरक फक्त एका अक्षराचा. पण ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स (पडद्यावर चित्र दाखवणारा भाग) नसतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावल्याशिवाय मॉनिटरवर काहीही येणार नाही, बोर्डाला एचडीएमआयचं पोर्ट असलं तरी. एएमडीच्या रायझन ५ ५५०० आणि ५६०० यांचंही तसंच, आणि तिथे तर सावध करायला ‘एफ’सुद्धा नाही. थोडे पैसे वाचले म्हणून असा प्रोसेसर घेतला जातो, मग डिस्प्ले येत नाही म्हणून जीटी ७१० किंवा जीटी ७३० सारखं जुनं कार्ड गळ्यात पडतं. वाचलेले पैसे तिथेच जातात. बरं, ती कार्डं रायझन ५ ५६००जी मधल्या अंगच्या ग्राफिक्सपेक्षाही कमजोर आहेत.

अभ्यास, टायपिंग, टॅली, यूट्यूब, थोडं फोटोचं काम आणि हलके गेम्स, यासाठी ५६००जी किंवा साधा आय-३ १२१०० भरपूर झाला. पुढे चांगलं ग्राफिक्स कार्ड नक्की घ्यायचंय, असं असेल तर मात्र ‘जी’पेक्षा साधा ५६०० बरा. त्याला एल-३ कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) ३२ एमबी आहे, ५६००जीला १६. शिवाय तो पीसीआय एक्सप्रेस (कार्ड जोडायची वाट) ४.० चालवतो, ५६००जी ३.० वरच थांबतो.

बोर्ड ‘बसेल’ असं गृहीत धरणे

सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) जुळलं म्हणजे काम झालं असं नाही. बी ४५० बोर्डाचं सॉकेट एएम ४, ५६००जीचंही एएम ४. प्रोसेसर नीट बसतो, पंखा फिरतो, पण बायोस (बोर्डातलं पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) जुना असेल तर पडदा काळाच राहतो. दुकानात जुना पडून राहिलेला ए ५२० बोर्ड घेतला तरी हेच होऊ शकतं. एकाच दुकानातून दोन्ही घेत असाल तर बायोस अपडेट करून, तिथेच चालू करून दाखवायला सांगा.

इंटेलच्या एच ६१० बोर्डात खोच वेगळी आहे. तो डीडीआर ४ आणि डीडीआर ५ अशा दोन प्रकारांत येतो, आणि दोन्ही रॅमच्या खाचा वेगळ्या जागी असतात. एका प्रकारची रॅम दुसऱ्या बोर्डात बसत नाही, दाबून बसवायचा प्रयत्नही करू नका. एम.२ स्लॉटचंही (पट्टीसारखी एसएसडी बसायची जागा) बघून घ्या, काही स्लॉट फक्त एनव्हीएमई या वेगवान प्रकारची एसएसडी घेतात, साटा या जुन्या प्रकारची एम.२ एसएसडी त्यावर दिसतच नाही.

१६ जीबीची एकच पट्टी

अंगच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उचलतात. डीडीआर ४ ३२००ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी डेटा नेऊ शकते, दोन पट्ट्या मिळून ५१.२. म्हणून ५६००जीसोबत १६ची एक घेण्यापेक्षा ८-८च्या दोन घ्या, गेममध्ये फरक डोळ्यांना दिसतो. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू आहे ना तेही बघा, नाहीतर रॅम कमी वेगाने चालत राहते.

२०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत, त्यामुळे हा सल्ला खिशाला जड जातो हे खरं. पैसे कमी पडत असतील तर प्रोसेसर एक पायरी खाली आणा, पण एसएसडीच्या जागी हार्ड डिस्क घेऊ नका. आता ८ची एक पट्टी लावून पुढे तशीच दुसरी घालता येते.

कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस

एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. सगळ्यात जास्त काटकसर इथे होते आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच. स्टिकरवर ‘४५० वॅट’ असतं. त्यावर जाऊ नका, खाली १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. ३६ अँपिअर असतील तर ३६ गुणिले १२ म्हणजे ४३२ वॅट, आकडा जुळतो. तिथे १५-१६ अँपिअर असतील तर तो खऱ्या अर्थाने दोनशे वॅटचाही नाही. कार्ड नसलेल्या ५६००जीच्या पीसीला पूर्ण भारावरही फार वीज लागत नाही, म्हणून मोठा आकडा नको, खरा आकडा हवा. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लसचा (वीज कमी वाया जाण्याचा) शिक्का असलेला साधा ४५० वॅटचा पुरतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, ही तक्रार गावाकडे फार ऐकू येते. बहुतेक वेळा पीसी बिघडलेला नसतो, घराला अर्थिंग नसतं. एसएमपीएसच्या फिल्टरमधून अगदी थोडी वीज कॅबिनेटवर येते, ती जमिनीत जायला वाट मिळत नाही. थ्री-पिनची टू-पिन करणारा अडॅप्टर लावू नका, वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्या. त्यानंतरही झटका बसत असेल तर मशिन बंद ठेवून तपासून घ्या. लाइट जाण्याचा त्रास असेल तर ६०० व्हीएचा यूपीएस एवढ्या पीसीला चालतो. फक्त प्रिंटर त्यावर जोडू नका.

जोडला, पण डिस्प्ले नाही

घाबरून लगेच प्रोसेसर काढू नका. आधी मॉनिटरची वायर बघा: ग्राफिक्स कार्ड असेल तर ती कार्डातच हवी. मग प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनची १२ व्होल्टची वायर, २४ पिनची मोठी वायर लावून ही विसरणारे खूप आहेत. त्यानंतर वीज काढून रॅमची एकच पट्टी ठेवा, क्लिक आवाज येईपर्यंत दाबा, दुसऱ्या स्लॉटमध्येही करून पाहा. पट्टी नवी असली तर पहिल्यांदा चालू होताना पडदा काही वेळ काळा राहू शकतो, थोडं थांबा. तरीही नाही, तर बोर्डावरचा गोल सेल पाच मिनिटं काढून परत लावा.

एवढं करूनही हललं नाही, तर बोर्ड कॅबिनेटबाहेर पुठ्ठ्यावर ठेवून चालवून बघा. बाहेर चालला तर बहुधा आत एखादा जादा स्टँडऑफ (बोर्डाखालचा धातूचा खुंट) मागून टेकतोय. कूलर काढायची वेळ आलीच, तर एएम ४वर तो सरळ वर ओढू नका. कूलर आणि प्रोसेसरमधली पेस्ट घट्ट धरते आणि प्रोसेसर लॉक असतानाही सॉकेटमधून उपटून येतो, त्याच्या पिना वाकतात. शक्य असेल तर मशिन थोडा वेळ चालवून गरम होऊ द्या, बंद करून प्लग काढा, मग कूलर डावी-उजवीकडे हलका फिरवून सोडवा. इंटेलच्या एलजीए १७००मध्ये पिना बोर्डावर असतात. तिथलं प्लास्टिकचं झाकण फेकू नका, बोर्ड वॉरंटीत पाठवताना ते मागतात.