जुनी सेमी-ऑटोमॅटिक .२२ रायफल: या चुका टाळा

जुनी सेमी-ऑटोमॅटिक (प्रत्येक गोळीनंतर पुढचे काडतूस आपोआप चढवणारी) रिमफायर (कडेवर ठोका बसून पेटणाऱ्या काडतुसांची) रायफल अडखळू लागली की बहुतेक मालक प्रथम स्प्रिंग बदलायला किंवा एखादा भाग कानशीने घासायला निघतात, आणि नेमकी तेथेच पहिली चूक होते. सत्तर-ऐंशी वर्षे टिकलेले यंत्र एका दिवसात बिघडत नाही. बहुतेक वेळा त्याला न मानवणारे काडतूस दिलेले असते, किंवा आत साचलेला मळ कोणी कधी काढलेलाच नसतो. म्हणून तपासणीचा क्रम आधी काडतूस, मग मळ, त्यानंतर मॅगझिन (काडतुसे साठवणारा भाग) आणि सर्वांत शेवटी सुटे भाग असाच असावा. हा क्रम उलटा झाला की चांगल्या रायफलीचे मूळ भाग कायमचे खराब होतात आणि मूळ दोष तसाच राहतो.

“.२२ म्हणजे .२२” असे समजणे

ही सर्वांत महाग पडणारी समजूत आहे. .२२ हे गोळीच्या व्यासाचे इंचांतील माप आहे, पण त्या मापाची काडतुसे अनेक प्रकारची असतात. विंचेस्टरने १९०३ मध्ये आपली सेमी-ऑटोमॅटिक रायफल बाजारात आणली तेव्हा तिच्यासाठी ‘.२२ विंचेस्टर ऑटोमॅटिक’ हे स्वतंत्र काडतूस बनवले, कारण त्या काळी .२२ लाँग रायफल काडतुसे काळ्या दारूचीही मिळत आणि त्या दारूच्या राखेने असे यंत्र लवकर अडकले असते. या रायफलीत आजचे .२२ लाँग रायफल काडतूस चालत नाही. त्याची पुंगळी (दारू असलेले धातूचे कवच) अधिक बारीक असल्यामुळे ती चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत) सैल बसते आणि फाटू शकते. पुढे १९३३ मध्ये याच रचनेवर आधारलेले मॉडेल ६३ आले, ते मात्र .२२ लाँग रायफलसाठीच होते. दोन्ही रायफली दिसायला इतक्या सारख्या आहेत की केवळ रूपावरून ओळखू पाहणारा सहज फसतो. रेमिंग्टनच्या मॉडेल १६ चेही असेच वेगळे काडतूस होते. जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेची, बेल्जियममध्ये १९१४ पासून बनलेली छोटी रायफल तर .२२ शॉर्ट आणि .२२ लाँग रायफल अशा दोन वेगळ्या प्रकारांत मिळत असे. त्यामुळे नळीवर कोरलेली अक्षरे वाचल्याशिवाय, आणि ती पुसट असतील तर चेंबर जाणकार गनस्मिथकडून (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून) मोजून घेतल्याशिवाय, एकही काडतूस आत घालू नये. रेमिंग्टन ५५० सारखी रायफल शॉर्ट, लाँग आणि लाँग रायफल ही तिन्ही काडतुसे चालवते, पण ती तिच्यातील सरकत्या चेंबरची खास किमया आहे. इतर रायफलींकडून तशी अपेक्षा धरणे चुकीचे आहे.

काडतूस योग्य असले तरी त्याचा जोर योग्य असेलच असे नाही. या रायफली ब्लोबॅक पद्धतीच्या असतात, म्हणजे गोळी सुटताना बोल्ट (चेंबरला मागून झाकणारा सरकता भाग) कोणत्याही खिट्टीने बंद केलेला नसतो. त्याचे वजन आणि स्प्रिंगचा दाब एवढ्यावरच सारे अवलंबून असते. साध्या वेगाच्या काडतुसाची गोळी सुमारे ३२५ मीटर प्रतिसेकंद वेगाने जाते, तर हाय-व्हेलॉसिटी प्रकारात हा वेग ३८० च्या आसपास असतो. १९७० च्या दशकात आलेल्या सीसीआय स्टिंगरसारख्या अतिवेगवान काडतुसात तो ५०० पर्यंत जातो आणि त्याची पुंगळीही नेहमीपेक्षा लांब असते. हाय-व्हेलॉसिटी काडतुसे रुळण्यापूर्वी बनलेल्या रायफलीत असा मारा सुरू ठेवला, तर बोल्ट दर वेळी मागच्या भिंतीवर आदळतो आणि काही काळाने ती भिंत, बोल्टची मूठ किंवा दस्त्याचे लाकूड यांपैकी काहीतरी तडकते. याउलट, हाय-व्हेलॉसिटीसाठी जुळवलेली रायफल मंद काडतुसावर पूर्ण मागे गेली नाही, तर तो तिचा दोष नव्हे. तेथे स्प्रिंग कापून ‘दुरुस्ती’ करणे हा तिच्यावर अन्याय आहे. दोन-तीन निरनिराळ्या बनावटीची काडतुसे मोजक्या संख्येने आणून पाहिल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये.

काडतूस पेटले नाही तर

चाप ओढला आणि आवाज झाला नाही, तर नळी निशाण्याकडेच रोखून किमान ३० सेकंद थांबावे, कारण क्वचित दारू उशिरा पेटते. मग काडतूस बाहेर काढून त्याची कड पाहावी. रिमफायर काडतुसात पेटवणारे मिश्रण या कडेच्या आत पसरलेले असते. पिनचा (काडतुसाच्या कडेवर आदळणाऱ्या खिळीचा) ठसा खोल आणि स्वच्छ असेल तर दोष बहुधा काडतुसाचा आहे. ठसा फिका असेल तर पिनच्या खोबणीत मळ आहे, स्प्रिंग थकली आहे किंवा मळामुळे बोल्ट पूर्ण बंद झालेला नाही. आवाज नेहमीपेक्षा क्षीण झाला आणि धक्काही जाणवला नाही, तर पुढची गोळी मुळीच झाडू नये. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. अशा वेळी रायफल पूर्ण रिकामी करून नळी आरपार दिसते का, हे पाहणे एवढाच एक मार्ग आहे.

रिकाम्या रायफलीचा चाप पुन्हा पुन्हा ओढण्याची सवयही मोडावी. अनेक जुन्या रचनांमध्ये पिन थेट चेंबरच्या काठावर आदळते, तेथे धातूचा उंचवटा तयार होतो, आणि मग काडतूस नीट आत जात नाही व पुंगळी नीट बाहेर येत नाही. पिनचे टोकही चपटे होते.

पुंगळी अडकणे

रिकामी पुंगळी बाहेर फेकली न जाता उभी अडकत असेल, तर एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणाऱ्या भागाच्या) नखामागे साचलेला मेण, शिसे आणि न जळलेली दारू यांचा थर आधी काढावा. वर्षानुवर्षे न वापरलेल्या रायफलीत जुने तेल वाळून वार्निशसारखे चिकट झालेले असते. त्यावर नवे तेल ओतल्याने फक्त लगदा तयार होतो. योग्य द्रावकाने ते पूर्ण धुवावे आणि नंतर तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. लाँग रायफलच्या चेंबरमध्ये पूर्वीच्या मालकाने शॉर्ट काडतुसे भरपूर झाडली असतील, तर पुंगळीच्या तोंडापुढे झिजेचे वर्तुळ पडलेले असते आणि लांब पुंगळी तेथे फुगून बसते. हा दोष साफसफाईने जात नाही.

नळीच्या आतल्या भागाला मात्र रोज घासण्याची गरज नसते. शक्य असेल तेथे सळई मागच्या बाजूनेच घालावी. ज्या रायफलींत ती सोय नाही तेथे मागून ओढायची दोरी वापरावी, कारण नळीच्या तोंडाची कड सळईने झिजली की अचूकता जाते.

रिकामी समजलेली रायफल

नळीखालचे किंवा दस्त्यातले लांब नळकांडे मॅगझिन ओढून काढले म्हणजे रायफल रिकामी झाली, असे मानणे जीवघेणे ठरू शकते. एक काडतूस चेंबरमध्ये आणि दुसरे वर उचलणाऱ्या भागावर राहू शकते. म्हणून मॅगझिन काढल्यावर बोल्ट अनेकदा ओढावा आणि चेंबर डोळ्यांनी व बोटानेही तपासावे. नळीखाली मॅगझिन भरताना हात आणि चेहरा तोंडासमोर येणार नाही, याकडे लक्ष ठेवावे. विंचेस्टरच्या १९०३ आणि ६३ या रायफलींत पहिले काडतूस चेंबरमध्ये घेण्यासाठी पुढचा दांडा मागे दाबावा लागतो. त्या वेळी बोटे नळीच्या तोंडापुढे सरकू नयेत याची विशेष खबरदारी घ्यावी.

अनोळखी इतिहासाची रायफल पहिल्यांदा झाडताना एकच काडतूस भरावे, नंतर दोन. चाप एकदा ओढल्यावर दोन गोळ्या सुटल्या, किंवा बोल्ट बंद होतानाच गोळी सुटली, तर सिअर (चाप ओढेपर्यंत पिन किंवा हातोडी अडवून धरणारा भाग) झिजलेला किंवा पिन अडकलेली असते. अशी रायफल त्याच क्षणी थांबवून गनस्मिथकडे द्यावी. सिअर घरी घासण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. डोळ्यांचे आणि कानांचे संरक्षण तर प्रत्येक वेळी हवेच. या छोट्या गोळीला कमी लेखू नये: ती दीड किलोमीटरहूनही दूर जाऊ शकते आणि पाण्यावरून किंवा कठीण जमिनीवरून उसळते, त्यामुळे निशाण्यामागे मातीचा भक्कम बांध असलाच पाहिजे.

जपताना होणारे नुकसान

जुना निळसर मुलामा घासून नवा चढवला की संग्राहकांच्या लेखी रायफलीची किंमत घटते, आणि चुकीच्या स्क्रू-ड्रायव्हरने स्क्रूची खाच फाटली तरी ते लगेच कळते. अमेरिकेत १९६८ च्या कायद्यापूर्वी बनलेल्या अनेक .२२ रायफलींवर क्रमांकच नसतो. क्रमांक नाही म्हणून कोणी आपल्या मनाने तो कोरू नये, तर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांना विचारून कागदपत्रे नीट करून घ्यावीत. चामड्याच्या किंवा फोमच्या पिशवीत रायफल महिनोनमहिने ठेवू नये, कारण त्या ओल धरून ठेवतात. ती कुलूपबंद, कोरड्या कपाटात ठेवावी, काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत, आणि रायफल उभी ठेवायची असेल तर काही काळ तोंड खाली करून ठेवावी, म्हणजे यंत्रातले जास्तीचे तेल दस्त्याच्या लाकडात मुरून ते मऊ पडत नाही.