मुहूर्ताची घाई आणि नवी बाइक: या चुका टाळा

पाडव्याला किंवा दसऱ्याला सकाळी अकराच्या सुमारास कुठलंही शोरूम बघा. बाहेर हार घातलेल्या गाड्यांची रांग, पेढ्यांचे पुडे, फोटोसाठी थांबलेली कुटुंबं. आत वर्कशॉपमध्ये मोजके मेकॅनिक एकामागून एक गाड्यांना आरसे लावतायत, बॅटऱ्या जोडतायत, हवा भरतायत. ब्रेक लिव्हर वाकडा, चेन ताणलेली, टायरमध्ये भलतीच हवा असल्या पहिल्या महिन्यातल्या तक्रारी बहुतेक या गडबडीतूनच येतात. मुहूर्त चावी हातात घेण्याचा असतो. गाडी तपासायला आदली संध्याकाळ गाठा.

न तपासता सही करणं

सुरुवात चासी नंबरापासून. हँडलखालच्या फ्रेमवर कोरलेला नंबर आणि इंजिनवरचा नंबर कागदांशी अक्षर अन् अक्षर जुळवा. एक अक्षर चुकलं तरी पुढे विमा आणि आरसी दुरुस्त करण्यात महिने जातात. फॉर्म २१ म्हणजे विक्री प्रमाणपत्र. त्यात उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं, तेही वाचा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. टायर गाडीपेक्षा एक-दोन महिने जुना असू शकतो, पण वर्षभराचं अंतर असेल तर कारण विचारा.

गाडी बरेच महिने गोडाउनमध्ये उभी असेल तर आधी बॅटरी मार खाते. सेल्फ मारताना हेडलाइट एकदम मंद होत असेल तर मल्टिमीटर लावायला सांगा. गाडी तासभर बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा हवा. १२.४ च्या खाली असेल तर ‘चालवली की होईल चार्ज’ हे उत्तर घेऊ नका, चार्ज करूनच गाडी ताब्यात घ्या.

पासिंग होऊन नंबर पडण्याआधी गाडी घरी नेऊ नका. शोरूमनेही ती देता कामा नये. १ एप्रिल २०१९ पासून बनलेल्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बंधनकारक आहे, त्यामुळे ‘कागदावर नंबर लिहून चालवा, प्लेट येईल’ हा सल्ला दंड तुमच्या खिशातून भरायला लावणारा आहे.

ऑन-रोड किंमत एका आकड्यात ऐकणं

कोटेशन फोडून मागा: एक्स-शोरूम, रोड टॅक्स, नोंदणी, विमा, ॲक्सेसरीज. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या बाइकवर जीएसटी १८ टक्के आहे, त्यावरच्यांवर ४० टक्के. ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक्स’ नावाची ओळ दिसली तर ती आरटीओच्या कुठल्याच पावतीत नसते हे लक्षात ठेवा आणि काढायला सांगा. विमा शोरूमचाच घ्यावा असं बंधन नाही. पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, मात्र हवाच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वर्षाचाही घेता येतो, आणि तो दरवर्षी आठवणीने वाढवावा लागतो. बरेच जण इथेच फसतात. पाच वर्षांचा आकडा बघून सगळाच विमा पाच वर्षांचा आहे असं धरतात.

पूजेत होणारे घोळ

पूजा जरूर करा, फक्त हार कुठे घालताय ते बघा. हँडलवरचा लांब हार वळताना ॲक्सिलेटरच्या केबलमध्ये अडकतो किंवा सुटून पुढच्या चाकात जातो. शोरूममधून निघण्याआधी तो काढून पेटीत ठेवा. हळदीकुंकू टाकीला लावा, पण ओलं कुंकू दिवसभर उन्हात ठेवलं तर पांढऱ्या किंवा मॅट रंगावर गुलाबी डाग बसतो. नारळाचं पाणी लगेच साध्या पाण्याने धुऊन टाका. ते ब्रेकच्या डिस्कवर आणि कुलपात गेलं तर चिकट होतं.

यापेक्षा मोठा धोका टायर काळेभोर चमकवणाऱ्या पॉलिशचा. फोटोसाठी ते बाजूला लावतात, पण थोडं रस्त्याला टेकणाऱ्या भागावरही ओघळतं. आधीच नव्या टायरवर साच्यातून आलेला गुळगुळीत थर असतो. दोन्ही मिळून पहिल्याच वळणावर, त्यात पावसाचे चार थेंब, गाडी घसरते. साबणाच्या पाण्याने टायर पुसून घ्या आणि पहिले १५० किमी गाडी फार झुकवू नका. ब्रेकही पहिल्या दिवशी पूर्ण पकडत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत वेग आठ-दहा वेळा हळूहळू उतरवा आणि मधे डिस्क थंड होऊ द्या. पॅड बसायला सुरुवात होते. पूर्ण पकड यायला दोनेकशे किमी लागतात.

रन-इन म्हणजे चाळीसच्या पुढे नाही, हा समज

रन-इन म्हणजे सुरुवातीचे किमी जपून चालवून नवं इंजिन बसवणं. चाळीसचा हा सल्ला जुन्या गाड्यांच्या काळातला, अजून घरोघर दिला जातो. त्यात अर्धं खरं आहे. नव्या सिलिंडरच्या आत बारीक तिरप्या रेघा असतात आणि पिस्टनच्या रिंगा त्यांच्यावर घासून बसायच्या असतात. त्यासाठी वायूचा दाब लागतो, आणि तो कमी-जास्त होत राहावा लागतो. सरळ हायवेवर एकाच वेगाने दोन तास चालवली किंवा कायम मरगळलेल्या ॲक्सिलेटरवर ठेवली तर रिंगा नीट बसत नाहीत. मग इंजिन ऑइल पितं आणि काही हजार किमीनंतर सायलेन्सरमधून निळसर धूर येतो.

मॅन्युअलमध्ये आरपीएमची, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांची, मर्यादा असते, तीच पाळा. नसेल तर पहिले ५०० किमी रेडलाइनच्या (मीटरवरच्या लाल पट्ट्याच्या) निम्म्यापर्यंत आणि पुढचे ५०० साधारण पाऊणपर्यंत ठेवा. वेग बदलत राहा. सर्वांत वाईट म्हणजे वरच्या गिअरमध्ये गाडी ओढत नेणं. खंबाटकीच्या चढाला डबल सीट, चौथा गिअर, वेग ३५ आणि इंजिन धडधडतंय, हे जास्त आरपीएमपेक्षा घातक. गिअर खाली टाका. सकाळी गाडी दहा मिनिटं उभ्या उभ्या रेस करण्याचीही गरज नाही. अर्धा मिनिट चालू ठेवा आणि पहिले दोन-तीन किमी सौम्य चालवा.

पहिली सर्व्हिस बहुतेक गाड्यांना ५०० ते १००० किमीच्या दरम्यान असते. किमी नाही झाले तरी दिवसांची मर्यादा असते, ती चुकली तर वॉरंटीवर वाद होतो. पहिल्या ऑइलमध्ये घासलेल्या धातूचा चुरा येतो, म्हणून ते बदलणं टाळू नका. ऑइल जासो एमए किंवा एमए२ या बाइकसाठीच्या दर्जाचंच हवं, ते डब्यावर लिहिलेलं असतं. कारचं ऑइल घातलं तर बऱ्याच बाइकचा क्लच घसरतो, कारण क्लचही त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो.

घाबरावं की सोडून द्यावं

पहिल्या दिवशी सायलेन्सरवरून जळका वास आणि किंचित धूर येणं साहजिक आहे, वरचं ऑइल आणि मेण जळत असतं. बंद केल्यावर येणारी टिकटिक गरम धातू आकसल्याची. एबीएसचा (ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा चावी फिरवल्यावर लागतो आणि गाडी थोडी चालली की विझतो. चालूच राहिला तर शोरूमला जा. इंजिनाचा पिवळा दिवा सुरू झाल्यावरही तसाच असेल तर तेही दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

गाडी सुरूच होत नाही असा फोन करण्याआधी साइड स्टँड आणि किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) बघा. बऱ्याच नव्या गाड्या स्टँड खाली असताना गिअर टाकताच बंद पडतात. न्यूट्रल सापडत नसेल तर क्लच लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल आहे का पाहा. जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. चेन पहिल्या ५०० किमीत सैल होते. मधोमध वर-खाली करून पाहा, बहुतेक बाइकना २०-३० मिलिमीटर खेळ चालतो, पण नेमका आकडा मॅन्युअलमधला. ‘टाइट करून द्या’ म्हणून सांगितलं तर स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) आणि बेअरिंग दोन्ही झिजतात.

हवा थंड टायरमध्ये तपासा. स्विंगआर्मजवळचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याजवळचा) स्टिकर वाचा आणि डबल सीटचा मागचा आकडा वेगळा आहे का बघा.

पहिली फेरी कुठे

दोन-चाकींना पुणे-मुंबई एक्सप्रेसवे, समृद्धी महामार्ग, अटल सेतू, मुंबईचा कोस्टल रोड आणि वांद्रे-वरळी सागरी सेतू बंद आहेत. नकाशा आंधळेपणाने पाळणारे तिथे अडकतात, म्हणून ॲपमध्ये दुचाकीचा पर्याय निवडा. पुण्याहून वाईमार्गे पसरणी घाटातून पाचगणी किंवा मुंबईहून जुन्या हायवेने खंडाळा हे वेग सतत बदलणारे रस्ते रन-इनला चांगले आहेत. एका बैठकीत ६०-७० किमीनंतर पंधरा मिनिटं थांबा.

उतारावर इंजिन बंद करणं किंवा क्लच दाबून घरंगळत जाणं नको. ज्या गिअरमध्ये चढलात त्यातच उतरा. घरी आल्यावर सायलेन्सर, लेग गार्ड आणि नंबरप्लेटचे बोल्ट हाताने हलवून पाहा, नव्या गाडीत पहिल्या दोनशे किमीत सैल होणारे तेच असतात. कव्हर मात्र अर्ध्या तासाने टाका, नाहीतर सायलेन्सरला चिकटलेलं प्लास्टिक ब्लेडने खरवडत बसावं लागतं.