टचपॅड वेड्यासारखं वागतंय? आधी चार्जर काढून बघा

कर्सर आपोआप सरकतो, टाइप करताना मधेच भलत्या ओळीत जाऊन बसतो, दोन बोटांनी स्क्रोल करायला गेलं की पान मोठं होतं, एकदाच टॅप केलं तरी फाइल उघडते. तक्रारी सारख्या वाटल्या तरी कारणं निरनिराळी असतात. ती ओळखायची खूण एकच: गडबड नेमकी कधी होते? चार्जर लावल्यावर, टाइप करताना, लॅपटॉप तापल्यावर, की तळहाताखालचा भाग दाबल्यावर? हे न बघता ड्रायव्हर (टचपॅड चालवणारं विंडोजमधलं सॉफ्टवेअर) बदलत बसणं किंवा विंडोज पुन्हा टाकणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. तपासणीच्या काळात अडायला नको म्हणून एक साधा वायरवाला माउस हाताशी ठेवा.

सुरुवातीला टचपॅडचा काही दोष नसलेल्या शक्यता बाजूला काढा. वायरलेस माउसचा डोंगल पोर्टमध्ये राहिलाय आणि चालू माउस बॅगेत हलतोय, असं बऱ्याचदा असतं. डोंगल काढा, ब्लूटूथ बंद करा. स्क्रीन टच असेल तर काचेवरचा ओलावा किंवा काचेतला बिघाडही आपोआप क्लिक करतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोज आणि एक्स ही बटणं एकत्र दाबली की येणाऱ्या यादीत तो असतो) ‘एचआयडी-कंप्लायंट टच स्क्रीन’ तात्पुरतं डिसेबल करून फरक पडतो का बघा. थिंकपॅडसारख्या लॅपटॉपवर कीबोर्डच्या मधोमध लाल ट्रॅकपॉइंट, म्हणजे कर्सर हलवणारी छोटी गुंडी असते. तिच्यामुळे कर्सर एकाच दिशेला हळूहळू वाहत जात असेल, तर हात काढून काही सेकंद थांबा, ती स्वतःच जागेवर येते. आणि कर्सर उड्या मारत नसून नुसताच अडखळत असेल, तर टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसर किंवा डिस्क १०० टक्क्यांवर अडकलीय का ते पाहा. तो टचपॅडचा आजार नाही.

चार्जर आणि अर्थिंग

चार्जर पूर्ण काढा आणि पाच-दहा मिनिटं फक्त बॅटरीवर काम करा. टचपॅड शहाण्यासारखं वागायला लागलं, तर लॅपटॉप उघडायची गरजच नाही. दोष विजेकडून येतोय.

का, ते समजून घेण्यासारखं आहे. टचपॅडच्या पृष्ठभागाखाली बारीक विद्युतवाहक पट्ट्यांची जाळी असते. बोट जवळ आलं की तिथली धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) पिकोफॅरडच्या, म्हणजे अगदी सूक्ष्म मापात बदलते आणि आतली चिप तेवढ्यावरून बोटाची जागा ठरवते. चार्जरमध्ये विजेतला गोंगाट (नको असलेले बारीक चढउतार) गाळण्यासाठी लहान कपॅसिटर बसवलेले असतात. अर्थिंग धड नसेल, तर त्यांच्यामार्फत लॅपटॉपची बॉडी मेन्सच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहते. प्रवाह अगदी किरकोळ असतो, पण धातूच्या बॉडीवरून हलकेच बोट फिरवलं की झिणझिण्या जाणवतात त्या याच. तुमचं शरीर जमिनीशी जोडलेलं आणि लॅपटॉप त्याच्या तुलनेत सतत हेलकावतोय. अशा वेळी चिपला खरा स्पर्श आणि गोंगाट यांतला फरक कळेनासा होतो.

खात्री अशी करा. चार्जर लावून गडबड सुरू असताना दुसरा हात लॅपटॉपच्या धातूच्या भागावर किंवा यूएसबी पोर्टच्या पत्र्यावर ठेवा. कर्सर लगेच शांत झाला तर निदान पक्कं. नुसत्या झिणझिण्या नसून चांगला झटका बसत असेल, तर मात्र हा प्रयोग करू नका. चार्जर काढा आणि आधी वायरिंग दाखवून घ्या.

पुढची पायरी म्हणजे चार्जरची पिन. थ्री-पिन प्लगची वरची जाड पिन अर्थिंगची असते. ती तुटलीय का, मधे टू-पिनचा कन्व्हर्टर लावलाय का, स्वस्तातल्या एक्स्टेन्शन बोर्डात अर्थिंगची तार मुळात आहे का, हे बघा. भिंतीवरच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये, शक्यतो फ्रिज किंवा वॉशिंग मशीनच्या, थेट लावून पाहा. तिथे ठीक चालत असेल तर पहिल्या सॉकेटचं अर्थिंग गेलंय. मल्टिमीटर वापरता येत असेल तर एसी ७५० किंवा ६०० व्होल्टच्या रेंजवर मोजा: फेज ते न्यूट्रल सुमारे २३०, फेज ते अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल ते अर्थ शून्य ते दोन-तीन व्होल्ट. फेज ते अर्थ खूपच कमी किंवा हेलकावणारा आकडा आला, तर अर्थ कुठेच जोडलेला नाही. सवय नसेल तर हे काम वायरमनवर सोपवा. पण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडण्याचा जुगाड कुणालाही करू देऊ नका. न्यूट्रल तुटला की अर्थ केलेल्या प्रत्येक वस्तूच्या पत्र्यावर फेज येतो, आणि त्याने जीव जातो.

अर्थिंग ठीक असूनही त्रास चालूच असेल, तर चार्जर डुप्लिकेट आहे का तपासा. स्वस्त चार्जरमध्ये गाळणीचे भाग कमी केलेले असतात. त्याच व्होल्टेजचा आणि पुरेशा वॉटचा अस्सल चार्जर कुणाकडून मागून लावून बघा. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवरच गडबड होत असेल, तर तो स्क्वेअर वेव्हचा आहे का पाहा. लॅपटॉपसाठी प्युअर साइन वेव्ह बरा.

बॅटरी फुगली नाही ना?

ही तपासणी चुकवू नका. बऱ्याच लॅपटॉपमध्ये बॅटरी तळहाताच्या जागेखाली, टचपॅडला लागूनच असते. ती फुगली की टचपॅडला खालून दाब बसतो: क्लिक जड होतं किंवा दाबलेलंच राहतं, एका कडेला फट दिसते, कर्सर स्वतःहून क्लिक करतो. लॅपटॉप बंद करून काचेच्या किंवा गुळगुळीत फरशीच्या सपाटीवर ठेवा आणि कोपरे दाबा. डुलतोय का? प्लास्टिकची फूटपट्टी टचपॅडवर आडवी धरा आणि डोळा तिच्या पातळीला आणून बघा. मधे उंचवटा आणि दोन्ही कडांना फट दिसली तर संशय खरा.

फुगलेली बॅटरी चार्ज करायची नाही, दाबायची नाही, टोचून हवा काढायची तर अजिबातच नाही. लॅपटॉप बंद करून फरशीवर, गादी आणि पडद्यांपासून लांब ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला न्या. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका. ‘बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२’नुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा विक्रेत्याकडे किंवा ई-कचरा केंद्रावर द्या.

पृष्ठभाग, हात आणि सेटिंग

पावसाळ्यात दमट हात, क्रीम, केसांचं तेल यांचा थर टचपॅडवर साचतो आणि चिपला तिथे बोट असल्याचा भास होतो. लॅपटॉप बंद करा, मायक्रोफायबरचं फडकं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओलसर करा आणि पुसा. द्रव थेट टचपॅडवर फवारू नका, कडेच्या फटीतून आत जातो. जेलवाला सॅनिटायझर नको, त्याचा चिकट थर उरतो. धातूची बांगडी, कडं किंवा घड्याळाचा पट्टा टचपॅडला टेकला तरी तो स्पर्श धरला जातो, कारण धातू तुमच्या अंगाला लागून आहे. टाइप करताना हे सहज होतं.

फक्त टाइप करतानाच कर्सर उडत असेल तर दोष तळहाताचा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस, टचपॅड, टॅप्स इथे जाऊन संवेदनशीलता ‘लो’ करा. तरी भागलं नाही तर एका बोटाचं टॅप बंद करा आणि क्लिक दाबूनच करा. उडी अचानक एखाद्या अपडेटनंतर सुरू झाली असेल, तर डिव्हाइस मॅनेजर उघडा, टचपॅडच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ आहे का बघा. ते फिकट दिसत असेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही. मग कंपनीच्या साइटवरून नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवा. ड्रायव्हर अपडेट करून देणारी फुकट सॉफ्टवेअरं टाळा.

दोष विंडोजचा की यंत्राचा, याचा निकाल पेनड्राइव्हवर लावा. १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) टाकून, काहीही इन्स्टॉल न करता ‘ट्राय’वर चालवा, तेही चार्जर काढून. तिथेही कर्सर उडतोय? मग ड्रायव्हरचा नाद सोडा.

उघडायचंच असेल तर

वॉरंटी चालू असेल तर थांबा. नसेल तर शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, म्हणजे यंत्र पूर्ण बंद होतं. बहुतेकदा पीएच-०० किंवा पीएच-० मापाचा बारीक चौफुली टोकाचा स्क्रूड्रायव्हर लागतो. कागदावर तळाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टेपने चिकटवा, कारण लांबी वेगवेगळी असते. काही स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात. पॅनेल सोडवायला जुनं प्लास्टिकचं कार्ड वापरा. उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं, मग पॉवर बटण १५-२० सेकंद दाबून धरणं.

टचपॅडपासून मदरबोर्डकडे चपटी रिबन (पातळ केबल) जाते. कनेक्टरची बारीक काळी किंवा पांढरी पट्टी नखाने उचला. काही ठिकाणी ती वर उघडते, काही ठिकाणी बाहेर सरकते. पट्टी न उघडता रिबन ओढली तर कनेक्टर तुटतो. काढण्याआधी फोटो घ्या. टोकांवर हिरवट किंवा पांढरा थर असेल, जो मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत धरतो, तर ९९ टक्के आयसोप्रोपिलने हलकेच पुसा आणि पाच मिनिटं सुकू द्या. परत बसवताना रिबनवरची आडवी रेघ कनेक्टरच्या कडेला समांतर हवी. तिरकी बसली की टचपॅड कधी चालतं, कधी नाही. रिबनला घडीच्या जागी चीर दिसली तर ती बदलावीच लागते.

टचपॅडच बदलायचं ठरलं तर मॉडेलच्या नावावर विसंबू नका. एकाच मॉडेलमध्ये ईलॅन आणि सिनॅप्टिक्स अशा दोन्ही कंपन्यांची टचपॅड येतात, म्हणून मागच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर आणि रिबनची लांबी जुळवूनच मागवा. बसवून झाल्यावर तळाचे सगळे स्क्रू एकदम आवळू नका. दोन-तीन लावा, चालू करून बघा, मग बाकीचे एकेक करून. एखादा स्क्रू आवळल्यावरच कर्सर बिघडला, तर तो स्क्रू त्या भोकासाठी लांब आहे आणि टचपॅडला खालून टेकतोय.